तापीचे खोरे आणि आपले सुरत : इतिहास-भूगोलाची तोंडओळख

स्मरणिकेच्या या अंकात संस्थेच्या कार्याचा वृत्तांत, देणगीदारांचे आभार आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव इतरत्र येणारच आहे. आमच्याकडे शिक्षक या नात्याने एक पाठ लिहिण्याचे काम आले, ते आम्ही आनंदाने स्वीकारले. पाठाचा विषय आहे आपण राहतो ते शहर आणि ते राज्य.

हा विषय निवडण्यास कारण आहे. आपल्या कुटुंबांतील एखाद्या मुलास ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले, तर ते अमळनेर, शहादा, चोपडा, नंदुरबार असे काहीतरी सांगते. जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची, खेळगडी सुरतेचे. गाव मात्र आजोबांचे. त्या गावाची ओढ राहावी हे चांगलेच आहे. पण त्याच मुलास तापी कोठून येते, सुरतेस बंदर का वसले, गुजरात राज्य केव्हा झाले, असे विचारले की ते गप्प होते. मोठ्या माणसांची स्थितीही फार निराळी नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत तीस-तीस वर्षे काढूनही आपण सुरतेला ‘इकडे’ म्हणतो आणि खानदेशाला ‘आपल्याकडे’ म्हणतो. भूगोलाचे पुस्तक उघडून पाहिले तर ही दोन्ही ठिकाणे एकाच खोऱ्याची दोन टोके आहेत, असे आढळते. ते दाखवून द्यावे आणि त्यातून काही व्यवहाराचे शिकावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

मुलांच्या नकाशासंग्रहातील भारताचा नकाशा समोर घेऊन पुढील मजकूर वाचल्यास अधिक उपयोग होईल.

राज्याची ठेवण

गुजरात हे भारताच्या पश्चिम टोकाचे राज्य. क्षेत्रफळ सुमारे १,९६,००० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या सहा कोटींच्या वर. समुद्रकिनाऱ्याची लांबी १,६०० किलोमीटरांहून अधिक असून इतका लांब किनारा भारतातील दुसऱ्या कोणत्याही राज्यास नाही. उत्तरेस राजस्थान, पूर्वेस मध्यप्रदेश, आग्नेयेस व दक्षिणेस महाराष्ट्र, वायव्येस पाकिस्तान आणि उरलेल्या अंगास अरबी समुद्र, अशा त्याच्या सीमा आहेत.

या राज्याचे तीन भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पहिला कच्छ. हा भारतातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचा पुष्कळसा भाग खाऱ्या रणाने व्यापलेला आहे. येथील धोलावीरा हे सिंधु-संस्कृतीचे प्राचीन नगर २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. दुसरा भाग सौराष्ट्र, म्हणजे काठेवाडचे द्वीपकल्प. गिरनार पर्वत आणि सिंहांचे गीर अरण्य येथेच आहे. तिसरा भाग तळगुजरात. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या नद्या याच भागातून खंभातच्या आखातास मिळतात. उत्तरेकडे पाऊस बेताचा, कच्छात तर जेमतेम. दक्षिणेस वलसाड आणि डांग या बाजूस मात्र कोकणासारखा मुसळधार. सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेस सुरू होते, तेव्हा डांगचे डोंगर म्हणजे सह्याद्रीचे उत्तरेकडील टोकच होय.

आता नकाशावर २१ अंश उत्तर अक्षांशाची रेघ शोधावी आणि तिच्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवावे. प्रथम सुरत लागते, पुढे जळगाव, आणि बरेच पुढे नागपूर. ही तिन्ही शहरे जवळजवळ एका रेषेत आहेत, हे पुष्कळांस नवल वाटते. सुरतेहून जळगावास जाणे म्हणजे सरळ पूर्वेस जाणे, आणि तो रस्ता तापीनेच आखून दिलेला आहे.

तापी नदी

तापीचा उगम मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे होतो. तेथून ७२४ किलोमीटर वाहत येऊन ती सुरतेच्या पश्चिमेस डुमसच्या बाजूस समुद्रास मिळते. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी या पश्चिमेकडे वाहतात. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, यांच्यामधील लांबट खोलगट पट्टा म्हणजे तापीचे खोरे.

खोऱ्याचे एकूण क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्याची वाटणी अशी : मध्यप्रदेशात ९,८०४, महाराष्ट्रात ५१,५०४ आणि गुजरातेत ३,८३७ चौरस किलोमीटर. हे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावेत, असे आहेत. शंभर भागांपैकी सुमारे ७९ भाग खोरे महाराष्ट्रात, आणि गुजरातेत सहा भागही नाही. वऱ्हाडातून येणारी पूर्णा, मालेगावची गिरणा, अमळनेरची बोरी, धुळ्याची पांझरा, शिरपूरची अरुणावती, शहाद्याची गोमाई, या सर्व नद्यांचे पाणी अखेरीस तापीत पडते व सुरतेच्या पुलांखालून समुद्रास जाते. आजोबांच्या गावी शेतावर पडलेल्या पावसाचे जे पाणी वाहून गेले, ते नातवाच्या दारावरून जाते. नाते यापेक्षा जवळचे काय असावयाचे?

पाण्याबरोबर माती येते. खानदेश आणि दक्षिण गुजरात या दोन्हीकडे काळी कपाशीची जमीन आहे. कापूस, सूत आणि कापड यांचा व्यवहार हा या खोऱ्याचा फार जुना धंदा असून, आज सुरतेच्या यंत्रमागांवर उभा असलेला खानदेशी कामगार त्याच धंद्याची पुढची पिढी आहे.

बंदर कसे वसले

सुरतेच्या आधी नदीपलीकडचे रांदेर हे मोठे बंदर होते. तेथे अरबी समुद्रापलीकडे व्यापार करणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांची वस्ती होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरत पुढे आली. गोपीपुरा व गोपीतलाव ही नावे ज्याच्यावरून पडली तो मलिक गोपी हा याच काळातील धनाढ्य व्यापारी. पोर्तुगिजांनी १५१२ साली व पुन्हा १५३० साली हे शहर जाळले. १५३० साली रांदेरही जाळले. तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंदखान याने १५४० नंतरच्या काही वर्षांत नदीकाठी भक्कम किल्ला बांधला. चौकबाजाराजवळचा तो किल्ला आजही उभा आहे. अलीकडे महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून तो पाहण्यास खुला केला आहे. १५७३ साली अकबर बादशहाने सुरत घेतली आणि नंतरची सुमारे दीडशे वर्षे हे मोगल साम्राज्याचे पहिल्या प्रतीचे बंदर होते.

बंदर येथेच का व्हावे, याचे उत्तर पुन्हा भूगोलात आहे. समुद्रापासून सुमारे वीस किलोमीटर आत असल्यामुळे शहर वादळापासून सुरक्षित होते, आणि पाठीमागे तापीचे खोरे म्हणजे दख्खनेत व हिंदुस्थानात शिरण्याची मोकळी वाट होती. सुरतेहून निघालेला तांडा बारडोली, नवापूर, नंदुरबार या मार्गाने बुऱ्हाणपुरास जाई व तेथून पुढे आग्र्याकडे वळे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकातील आपल्या प्रवासवर्णनात या मार्गावरील मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. शहराच्या तटास बुऱ्हाणपूर दरवाजा होता, आणि बुऱ्हाणपुरी भागळ हे नाव सुरतेत अद्याप चालू आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे बांधली गेली, तीही बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी बहुतांशी त्याच वाटेने गेली. आपली माणसे पत्र्याची पेटी घेऊन ज्या गाडीने सुरतेस उतरली, ती गाडी त्या बैलांच्या तांड्यांचीच वाट तुडवीत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

या बंदरातून आणखी एक मोठी वाहतूक होत असे. हजला निघालेले यात्रेकरू हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून सुरतेस येत आणि येथून जहाजाने जेद्द्याकडे रवाना होत. म्हणून सुरतेस ‘मक्केचे दार’ म्हणत. त्यांच्या उतरण्यासाठी शहाजहान बादशहाच्या कारकीर्दीत, १६४४ साली, एक मोठी सराई बांधण्यात आली. ती मोगलसराई पुढे निरनिराळ्या कामांस लागली, आणि सुरत महानगरपालिकेची मुख्य कचेरी आज त्याच इमारतीत आहे. जन्माचा दाखला आणावयास किंवा घरपट्टी भरावयास आपण मुगलीसरा येथे गेलो, तर आपण एका जुन्या मुसाफिरखान्यात उभे आहोत, हे मुलांस अवश्य दाखवावे. परगावच्या माणसासाठी बांधलेली इमारत शहराच्या कारभाराचे घर झाली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

युरोपियन लोकही याच दारातून आले. १६०८ साली विल्यम हॉकिन्स हा इंग्रज कप्तान येथे उतरला. १६१२ साली सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी पोर्तुगिजांचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी त्यांची वखार येथे कायम झाली. डच व फ्रेंच यांच्याही वखारी होत्या. पण खरा व्यापार येथल्याच सावकारांच्या हाती होता. विरजी व्होरा या जैन व्यापाऱ्याकडून खुद्द इंग्रज कर्ज काढीत; अब्दुल गफूर या बोहरा व्यापाऱ्याच्या जहाजांचा तांडा अरबी समुद्रात फिरे. बनिया, बोहरा, पारशी, आर्मेनियन, अरब, तुर्क अशी सर्व माणसे एका बाजारात वावरत होती. कोणीतरी कोठून तरी आलेले असणे, हीच या शहराची जुनी रीत आहे.

१६६४ आणि १६७०

आता एका नाजूक प्रकरणाकडे वळू. मराठी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘सुरतेची लूट’ असा धडा असतो. हा धडा पुण्यास किंवा साताऱ्यास शिकविणे सोपे आहे. सुरतेत, हिंदू, मुस्लिम, आदिवासी अशा सर्व घरांची मुले समोर बसलेली असताना, तो शिकविणे हे शिक्षकाच्या कसोटीचे काम आहे. आणि शिक्षक मुस्लिम असला तर त्याच्या तोंडाकडे मुले अंमळ अधिक लक्षपूर्वक पाहतात. आमच्या मते त्यावर एकच उपाय आहे : घडले ते सगळे सांगावे.

१६६० पासून तीन वर्षे शाहिस्तेखानाचे सैन्य पुण्यात तळ देऊन होते व त्याने मुलूख उजाड केला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करावयाची, असा शिवाजी महाराजांचा बेत होता. जानेवारी १६६४ मध्ये ते गणदेवीवरून झपाट्याने येऊन उधन्यास पोहोचले. होय, आज जेथे आपल्या मराठी वस्त्या आहेत तेच हे उधना. पुढचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. चार दिवस लूट झाली, आगी लागल्या, विरजी व्होरा व हाजी झाहीदबेग यांच्या हवेल्या रिकाम्या झाल्या. इंग्रज व डच यांनी आपापल्या वखारी राखल्या. पाद्री अंब्रोझ यांच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली. पहिल्या स्वारीपर्यंत शहराचा तट मातीचा होता. त्यानंतर विटांचा तट बांधण्याचे काम निघाले.

महाराजांपुढे राज्य टिकविण्याचा प्रश्न होता, हे खरे. आणि ज्याचे घर जळाले त्या सुरतकराचे दुःखही खरे. ज्याने शहर राखावयाचे तो अधिकारी लपून बसला, हेही तितकेच खरे. हा दोन राज्यसत्तांमधील झगडा होता. त्यात धर्माचे भांडण शोधू लागले तर हकीगतच जुळत नाही, कारण लुटले गेलेल्यांत हिंदू सावकार होते आणि मुस्लिमही होते. एवढे समजलेले मूल शेजारच्या गुजराती मुलासमोर फुशारकी मारीत नाही आणि मान खालीही घालीत नाही.

उतरती कळा

सुरतेचा व्यापार या दोन स्वाऱ्यांमुळेच बुडाला, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. पहिल्या स्वारीनंतरही अर्धशतकाहून अधिक काळ येथे मोठमोठी जहाजे भरत होती. १६९५ साली हज करून परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेले बादशहाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले, तेव्हा संतापलेल्या शहराच्या भीतीने येथील इंग्रजांस वखारीत अडकून राहावे लागले. बंदराचे महत्त्व तेव्हा किती होते, हे यावरून दिसते.

ऱ्हासाची कारणे पुढची आहेत. औरंगजेबानंतर मोगल सत्ता ढासळली आणि आग्र्याकडील वाटा असुरक्षित झाल्या. इराण व तुर्कस्तान यांच्या गडबडींमुळे पलीकडची गिऱ्हाईके तुटली. इंग्रजांनी १६८७ साली आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस नेले. आणि तापी गाळ आणीत राहिली. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी फार जोराची. तिच्यामुळे नदीच्या मुखाशी वाळूचे बांध पडत. मोठी जहाजे शहरापर्यंत येऊच शकत नसत, ती सुवाळीस नांगर टाकीत. मुंबईच्या खोल बंदरापुढे असे बंदर टिकणे कठीण होते. १७५९ साली इंग्रजांनी किल्ला घेतला व १८०० साली सारा कारभार हाती घेऊन नबाबास वर्षासन बांधून दिले. १८३७ साली भयंकर आग लागली, त्याच वर्षी पूर आला, आणि पुष्कळ व्यापारी मुंबईस निघून गेले. मुंबईची गोदी ज्या वाडिया घराण्याने गाजविली, त्याचा मूळपुरुष लवजी नसरवानजी हा सुरतेचाच सुतार होता. आज सुरतेची माणसे खानदेशातून आलेली दिसतात. एके काळी मुंबईची माणसे सुरतेतून गेलेली होती.

मराठी माणसाचे येथील जुने काम

मराठी मनुष्य गुजरातेत तलवार घेऊन आला आणि नंतर कारखान्यात आला, एवढेच आपण ऐकलेले असते. मधला भाग राहून जातो. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकात प्रथम ठाणे केले ते सुरतेच्या पूर्वेस, आपल्या रेल्वेमार्गावरील सोनगडास. पुढे त्यांचे घराणे बडोद्यास स्थिरावले. त्याच गादीवर १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक म्हणून बसला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. नवसारी व सोनगड हे भाग बडोदे राज्यातच होते. त्या गावांतील मुलींना शाळेचे दार उघडले ते या कायद्याने.

सुरत शहरातही एक मराठी शिक्षक होऊन गेले. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहून ज्यांनी १८३६ साली मराठीस पहिले शिस्तीचे व्याकरण दिले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते. येथे त्यांची दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी गाठ पडली. दोघांनी व त्यांच्या स्नेह्यांनी १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, जादूटोणा, विधवांचे हाल यांविरुद्ध ही सभा उघड चर्चा करीत असे. गुजरातेतील सुधारणेच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः येथूनच धरतात. मराठी पंतोजी आणि गुजराती मेहताजी यांनी एका सतरंजीवर बसून केलेले हे काम आपल्या मुलांस ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. ज्यांना संस्था चालवावयाची आहे त्यांनी तर ते विशेष ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्याच्या लढ्यात याच मुलखाने १९२८ साली बारडोलीचा सत्याग्रह आणि १९३० साली दांडीचा मिठाचा सत्याग्रह पाहिला. १९३८ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते हरिपुऱ्यास, तापीच्याच काठी.

सीमा केव्हा आली

सुरत आणि खानदेश हे दोन्ही जिल्हे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात होते. स्वातंत्र्यानंतरही दोन्ही मुंबई राज्यातच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा व विदर्भ जोडून मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य करण्यात आले. ते फार दिवस टिकले नाही. संयुक्त महाराष्ट्र आणि महागुजरात या दोन्ही चळवळींनी जोर धरला, दोन्हीकडे माणसे बळी पडली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली. गुजरात राज्याचा आरंभ साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते झाला, डॉ. जीवराज मेहता पहिले मुख्यमंत्री आणि नवाब मेहदी नवाझ जंग पहिले राज्यपाल होते. राजधानी प्रथम अहमदाबादेस होती, १९७० साली ती गांधीनगरास गेली.

तेव्हा डांग जिल्हा गुजरातेत गेला आणि पश्चिम खानदेशातील उच्छल व निझर या बाजूची गावेही गेली. नवापूरचे रेल्वे स्थानक तर असे आहे की, त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत सूचना दिल्या जातात. एका बाकावर बसलेल्या दोघा प्रवाशांची राज्ये निराळी असू शकतात. गाडी मात्र दोघांची एकच असते. १ मे हा दिवस महाराष्ट्र दिन आणि गुजरात दिन असा दोन्ही आहे, म्हणून आपल्या संस्थेसारख्या ठिकाणी तो दोन्ही नावांनी साजरा झाला तर शोभून दिसेल.

पाणी कोठून येते

पाठाचा शेवटचा भाग व्यवहाराचा आहे. तो वडीलधाऱ्या मंडळींनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

वर दिलेले खोऱ्याचे आकडे पुन्हा आठवावेत. सुरतेच्या पुरास सुरतेतच पाऊस पडावा लागतो असे नाही. तो खानदेशात आणि वऱ्हाडात पडला तरी पुरे. १९६८ साली तापीस प्रचंड पूर आला. पुढे १९७२ साली शहराच्या वर शंभर किलोमीटरांच्या आसपास उकाईचे धरण पूर्ण झाले. त्याची पूर्ण पातळी ३४५ फूट. त्यात बहुतेक आदिवासींची अशी अनेक गावे बुडाली, आणि त्यांच्या त्यागावर खालच्या मुलखास पाणी, वीज व पुरापासून बराचसा आसरा मिळाला. परंतु धरण म्हणजे अभयपत्र नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात सतत पाऊस झाला, भरत आलेल्या जलाशयातून सुमारे नऊ लक्ष क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले, आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट. समुद्रास मोठी भरती असली म्हणजे नदीचे पाणी लवकर बाहेर पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरा पूर खाडीचा. लिंबायतच्या लोकांस मिठी खाडी सांगावयास नको. हे पाणी उकाईचे नसते. ते बारडोली, पलसाणा या बाजूस पडलेल्या पावसाचे असते. म्हणून नदी शांत असतानाही खाडीकाठची घरे बुडू शकतात. दोन पुरांची कारणे दोन, आणि सावधगिरीही दोन प्रकारची. पावसाळ्यात उकाईची पातळी आणि तेथून सोडलेले पाणी यांचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. सिंगणपोरच्या कॉजवेवर पाणी ६ मीटरांवर गेले की वाहतूक बंद करतात. हे आकडे वाचावयास घरातील एका तरी मुलास शिकवावे. शिधापत्रिका, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद हे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावेत.

१९९४ चा सप्टेंबर महिनाही विसरू नये. पावसाचे तुंबलेले पाणी आणि न उचललेला कचरा यांनी भरलेल्या शहरात प्लेगाची साथ आली, आणि लक्षावधी माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. पुढील वर्षी आलेले महानगरपालिका आयुक्त एस. आर. राव यांनी झाडू, कायदा व शिस्त यांच्या बळावर शहराचे रूप पालटले. २०२३ च्या देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात सुरत शहर इंदूरच्या बरोबरीने पहिले आले. ज्या सफाई कामगारांनी व गल्लीतील ज्या कुटुंबांनी हे घडविले त्यांत मराठी माणसे थोडी नव्हती. ज्या शहरातून आपण १९९४ साली पळालो, त्याच शहरात परत येऊन आपण त्यास पहिल्या क्रमांकावर नेण्यास हातभार लावला. असे शहर परके कसे?

घरी करावयाचा अभ्यास

(१) नकाशावर मुलताईपासून डुमसपर्यंत तापीची रेघ निळ्या पेन्सिलीने गिरवा. तिच्या काठची व जवळपासची दहा गावे लिहा.

(२) सुटीच्या दिवशी किल्ला आणि मोगलसराई पाहून या. तेथील पाटीवरील मजकूर गुजरातीत असेल तर तो स्वतः वाचा. लिपी मराठीहून फार दूर नाही.

(३) २००६ साली आपल्या गल्लीत पाणी कोठवर चढले होते, ते शेजाऱ्यांस विचारा. त्या उंचीवर भिंतीस एक खूण करून साल लिहा.

(४) दादोबा पांडुरंग आणि दुर्गाराम मेहताजी यांनी मिळून कोणते काम केले, ते आपल्या एका गुजराती मित्रास सांगा आणि त्याच्याकडून कवी नर्मद यांची माहिती ऐका.

(५) आजोबांच्या गावी जी नदी किंवा नाला आहे त्याचे नाव लिहा. त्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते, आणि ती नदी पुढे कोठे जाते, ते शोधून काढा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुलांना सुरतेच्या पुलावर आणून सोडील. तेथे पोहोचल्यावर, गाव कोणते या प्रश्नाचे उत्तर देताना ती दोन नावे सांगू लागली, तर पाठ नीट समजला असे आम्ही मानू.